वजन कुणाच्या खिशात

काट्याच्या डोक्याला, म्हणजे लाल आकडे उमटतात त्या डब्याला, एका अंगाला बोटाच्या पेराएवढी खाच असते. तिच्यात पेन ड्राइव्ह घालायचा. हमालाने पोतं काट्यावर टाकलं, आकडे थरथरून स्थिर झाले, की बटण दाबायचं. बारीक शिट्टी वाजते आणि पेन ड्राइव्हवर एक ओळ लिहिली जाते. नेरळच्या ज्या भातगिरणीत मी हिशेब ठेवते तिथे दिवाळी सरली की या शिट्ट्या सुरू होतात. मळण्या उरकून ममदापूर, दामत, पोशीर, कळंब अशा गावांतून टेम्पो येऊ लागतात. खरिपाचं भात संपतं न संपतं तोच राजनाल्याच्या पाण्यावरचं उन्हाळी भात दारात उभं राहतं. राजनाल्याचं पाणी म्हणजे टाटांच्या भिवपुरीच्या वीजघरातून वीज करून बाहेर पडलेलं पाणी. १९२२ सालच्या त्या वीजघराने मुंबईला उजेड दिला आणि कर्जत तालुक्याला दुसरं पीक.

पेन ड्राइव्हवरची एक ओळ अशी असते: ००४१७, १२-११-२०२४, १०:४२:१६, ४०.६५, ०.६०, ४०.०५. पहिला अनुक्रमांक, मग तारीख, मग वेळ अगदी सेकंदापर्यंत. पुढे पोत्यासकट वजन, मग नुसत्या बारदानाचं, आणि शेवटी निव्वळ भात. चाळीस किलो पन्नास ग्रॅम. जेमतेम चाळीस-बेचाळीस अक्षरं. अशा ओळींना जागा ती किती लागणार! २००० साली पेन ड्राइव्ह बाजारात आले तेव्हा ते ८ एमबीचे होते. तेवढ्याशा जागेतही अशा पावणेदोन लाखांहून अधिक ओळी मावल्या असत्या. आमच्यासारख्या गिरणीचे कितीतरी हंगाम त्यात बसतील.

पूर्वी काट्यावरचा माणूस आकडा मोठ्याने सांगायचा आणि कारकून तो वहीत उतरवायचा. गिरणीचे पट्टे फिरत असतात, पंखे घोंघावत असतात, बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत असतो. त्या गलक्यात ‘एकोणचाळीस’ आणि ‘एक्केचाळीस’ यांत फार अंतर उरत नाही. कानाला अर्ध्या अक्षराचा फरक, पोत्याला दोन किलोंचा. आता तोंड आणि कान दोन्ही मधून गेले. काट्याला जे कळलं तेच लिहिलं गेलं. हे मला मनापासून आवडतं. पण ही ओळ लिहिली जाते ती कुणासाठी, आणि संध्याकाळी पेन ड्राइव्ह काढून घेतला जातो तेव्हा ती कुणाच्या खिशात जाते, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. ज्याचं भात तोललं गेलं तो तर कधीचाच घरी गेलेला असतो.

माझ्या आजीच्या घरात लाकडी पायली होती, काठाला लोखंडी पट्टी मारलेली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी, हे कोष्टक तिला तोंडपाठ होतं. भात मोजताना पहिल्या पायलीला ती ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. मग दोन, तीन. मोजणाऱ्याचा सूर तुटू द्यायचा नाही, मध्ये कुणी बोलायचं नाही. एका हाताने पायली, दुसऱ्या हाताने खूण म्हणून बाजूला टाकलेला मूठभर दाणा. वीस झाल्या की त्या खुणांचा एक ढीग. कोरा कागद नाही, शाई नाही, पण ज्याचं भात आणि जो नेणार ते दोघेही राशीसमोर बसलेले असत आणि दोघांनाही खुणांचे ढीग दिसत. नोंद उघड्यावर होती.

लबाडी नव्हती असं मात्र नाही. जुन्या माणसांना सावकाराच्या मापाबद्दल विचारलं की ते हात फिरवून दाखवतात. देताना पायली सपाट, वरून हात मारून उडवलेली. परत घेताना शीग, म्हणजे काठाच्या वर उभारलेली दाण्यांची टेकडी, ढासळेपर्यंत. पावसाळ्यात खावटी म्हणून घेतलेलं भात सुगीला दिढीने फेडायचं, एका मणाला दीड मण, आणि त्यावर ही शीग वेगळी. माप तेच, पायलीही तीच, लोखंडी पट्टी तीच. फरक सगळा काठाच्या वरच्या चार बोटांत. त्या चार बोटांची नोंद कुठल्याच खुणेत होत नसे.

आमच्या या टापूत धान्याच्या हिशेबावर सगळ्यात खोल विचार कुणी केला असेल तर तो भाई कोतवालांनी, असं मला वाटतं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म १९१२, माथेरानचे. वकील झालेला, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झालेला हा माणूस खाली उतरून कर्जत तालुक्यातल्या शेतकऱ्यांत आणि आदिवासींत काम करू लागला. त्यांना आपण ओळखतो ते आझाद दस्ता या त्यांच्या भूमिगत तुकडीमुळे, विजेचे मनोरे पाडणाऱ्या मोहिमांमुळे, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर मानिवलीच्या हिराजी पाटलांसोबत आलेल्या वीरमरणामुळे. पण त्याआधी त्यांनी गावात शाळा काढल्या होत्या आणि धान्यकोठ्या सुरू केल्या होत्या. सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून शेतकऱ्यांनी स्वतःचंच धान्य एका ठिकाणी साठवायचं आणि अडीनडीला तिथूनच न्यायचं. मनोरे पाडण्याची गोष्ट मुलांना सांगायला रोमांचक आहे, ती सांगावीच. मला मात्र कोठीची गोष्ट जास्त धाडसाची वाटते. कारण कोठी चालायची तर तिथलं माप सगळ्यांना दिसणारं हवं, आणि लिहिलेलं सगळ्यांना वाचून दाखवता येणारं हवं. जमा करणारा आणि उचलणारा एकच माणूस असतो तेव्हा शीग आणि सपाट असा भेद करून चालत नाही. नेरळ ते माथेरान छोट्या गाडीतून जाणाऱ्या पाहुण्यांना जुम्मापट्टीचं वळण दाखवतात. या डोंगराखालच्या कोठ्यांबद्दल कुणीतरी सांगायला हवं.

स्वातंत्र्यानंतर मापं बदलली. १९५६ चा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजनं टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पर्यंत शेर-मण व्यवहारातून कायद्याने गेले. वजनाचा शेर म्हणजे ८० तोळे, ९३३ ग्रॅमच्या आसपास. आजीने किलो स्वीकारला तो शेराहून थोडा मोठा म्हणून. पायली मात्र घरात राहिली, कारण कायद्याला घरातली पायली दिसत नाही. खरा बदल शेराचा किलो झाला एवढाच नव्हता. धान्य मापण्याऐवजी तोललं जाऊ लागलं, हा होता. मापात शीग असते, वजनात ती नसते. दाणा बारीक की जाड, भरताना आपटला की हलक्या हाताने सोडला, यावर पायलीतलं भात कमी-जास्त होतं. काट्याला त्याचं काही नाही.

काट्याला कळतं तरी कसं? पत्र्याच्या चौकोनाखाली धातूचा एक ठोकळा असतो, त्याला लोड सेल म्हणतात. पोतं पडलं की तो ठोकळा डोळ्याला न दिसेल इतका वाकतो. त्याच्यावर केसासारख्या तारेची नागमोडी पट्टी चिकटवलेली असते. ठोकळा वाकला की ती ताणली जाते, ताणली की तिचा विद्युतरोध किंचित वाढतो, आणि तो किंचितपणा मोजला की वजन निघतं. १९३८ साली एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघा अमेरिकनांनी एकमेकांच्या नकळत ही ताणमापक पट्टी शोधली. दहा व्होल्ट दिले तर पूर्ण भाराला परत येतात वीस मिलिव्होल्टच्या आसपास. चाळीस किलोच्या पोत्याला तर तीनेक. एवढ्या दुबळ्या संदेशावर शेतकऱ्याच्या वर्षाचा हिशेब उभा असतो. म्हणून हमालाचा हात पोत्याला लागलेला असला तर आकडा स्थिर होत नाही आणि चांगला काटा तोवर बटण दाबलं तरी ओळ लिहीत नाही. म्हणूनच पावसाळ्यात कोकणातली दमट हवा तारांच्या जोडणीच्या डब्यात शिरली की आकडा आपोआप वर-खाली सरकू लागतो. तिथे सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवाव्या लागतात. उंदीर तारा कुरतडतात, मुंग्या डब्यात घरं करतात. रिकाम्या काट्यावर शून्य दिसतंय ना, हे पोतं टाकण्याआधी बघण्याची सवय शेतकऱ्याने लावून घेतली पाहिजे. काटा मारायचा असेल तर पहिली जागा तीच. पूर्वी तराजूची दांडी मारायचे, आता शून्य मारतात.

त्याला आवर घालण्यासाठी सरकारची मोहर असते. वैध मापन शास्त्र विभागाचा निरीक्षक येतो, प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासतो आणि शिसाचं सील ठोकतो. २००९ चा वैध मापन कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू झाला, त्याखालच्या नियमांनुसार अशा काट्यांची दर बारा महिन्यांनी पडताळणी व्हायला हवी. हे काही नवं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख करणारा पौतवाध्यक्ष आहे आणि त्याने दर चार महिन्यांनी मापं तपासून द्यावीत असं तिथे सांगितलं आहे. निरीक्षकाच्या पेटीतल्या वजनांची साखळी वर वर जात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या ५७ क्रमांकाच्या किलोग्रॅमपर्यंत पोचते. तो फ्रान्सच्या सेव्र इथे ठेवलेल्या मूळ ठोकळ्याची प्रत. २० मे २०१९ पासून तर किलोग्रॅम ठोकळ्यावरही अवलंबून राहिला नाही, निसर्गातल्या एका स्थिरांकावर बांधला गेला. माणसाने वजन खरं ठेवण्यासाठी किती कष्ट घेतले आहेत, याचा विचार केला की मला त्या शिसाच्या गोळीबद्दल आदर वाटतो.

पण एक गोष्ट तिथे राहून जाते. मोहर वजन खरं असल्याची खात्री देते. ते वजन नंतर कुठल्या वहीत, कुणाच्या नावावर, किती कापून उतरलं, याची खात्री ती देत नाही.

इथे एक बारकावा सांगते, कारण शेतकऱ्यांना तो कुणी सांगत नाही. मालाचं वजन दोन तऱ्हांनी होतं. एक म्हणजे पोतं पोतं करून, आमच्याकडच्या छोट्या काट्यावर. दुसरं म्हणजे गाडीसकट, मोठ्या काट्यावर: आधी भरलेली गाडी, मग खाली केलेली, आणि वजाबाकी. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खालापूर-खोपोलीकडे जाताना असे गाड्यांचे काटे जागोजाग दिसतात. तिथल्या पोलादाच्या कारखान्यांत भंगार आणि सळ्या यांचे ट्रक रात्रंदिवस तोलले जातात, त्यांच्यासाठी ते काटे अगदी योग्य आहेत. साठ टनांच्या अशा काट्याचा आकडा बहुधा दहा-दहा किलोंनी पुढे सरकतो. कायद्याच्या तक्त्याप्रमाणे, पाच टनांपर्यंतच्या भाराला पडताळणीच्या वेळी पाच किलोंची चूक चालते. आता तीस पोती भाताचा टेम्पो घ्या. भरलेला पाच किलो इकडे, रिकामा पाच किलो तिकडे, म्हणजे निव्वळ वजनात वाईटात वाईट दहा किलोंचा फरक पडू शकतो, तोही कुणीही लबाडी न करता. तीच तीस पोती पन्नास ग्रॅमच्या काट्यावर एकेक तोलली तर प्रत्येकाला चूक फार तर पन्नास ग्रॅमची, आणि सगळ्या चुका एकाच बाजूला झुकल्या तरी दीड किलो. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. दहा किलो म्हणजे २३७ रुपये. ट्रकभर भंगाराच्या मालकाला ते कळतही नाहीत. वाडीवरून भात आणणाऱ्या बाईच्या घरात तेवढ्यात मुलाच्या वह्या येतात. म्हणून घाई असली, हमाली वाढणार असली, तरी पोतं पोतं तोलण्याचा आग्रह धरावा, असं मी प्रत्येकाला सांगते.

पेन ड्राइव्हवरच्या नोंदीच्या काही खोडीही सांगितल्या पाहिजेत. काट्याच्या डब्यात घड्याळ असतं आणि त्याला बटणाएवढा सेल. तो सेल संपला आणि वीज गेली, की घड्याळ काही काट्यांमध्ये थेट १ जानेवारी २००० वर जाऊन बसतं. नेरळला पावसाळ्यात आणि वादळात वीज जाणं नवीन नाही. मग सगळी भाताची पोती पंचवीस वर्षांपूर्वी आली असं लिहिलं जातं. वजन खरं, तारीख खोटी, आणि अशी ओळ वादाच्या वेळी कुणीच मान्य करत नाही. दुसरं, ओळ लिहिली जात असताना पेन ड्राइव्ह उपटला तर यादीचं पानच बिघडतं आणि अख्ख्या दिवसाच्या ओळी वाचता येईनाशा होतात. त्यात काय होतं तर आधीच्या ओळी जागेवरच असतात, पण त्या कुठे आहेत ही अनुक्रमणिका पुसली जाते. तिसरं, आणि हे सगळ्यात सोपं: पेन ड्राइव्हवरची फाइल साधी असते. कुठल्याही संगणकावर उघडते आणि कुठल्याही संगणकावर बदलता येते. ४०.०५ चे ३९.०५ करायला एक बोट पुरतं. खाडाखोड दिसत नाही. वहीत निदान शाई फुटायची.

युरोपातल्या लोकांनी यावर उपाय केला आहे. तिथे काट्याचा आकडा कागदावर न छापता संगणकात साठवून व्यवहार करायचा असेल, तर काट्याच्याच आत एक वेगळी स्मृती ठेवतात. प्रत्येक वजन अनुक्रमांकासह तिच्यात जातं आणि ते बदलता येत नाही. बाहेरच्या संगणकातला आकडा आणि आतला आकडा जुळला नाही तर आतला खरा. जर्मन लोक तिला अलिबी स्मृती म्हणतात. आपल्याकडे येणाऱ्या काही काट्यांतही ती सोय असते, फक्त ती विकत घेताना कुणी विचारत नाही. मालकाला लागते ती पेन ड्राइव्हची खाच, आणि शेतकरी काटा विकत घ्यायला गेलेला नसतो.

त्याच्या हातात काय येतं? एक चिटोरं. पूर्वी खटखट करत छापणाऱ्या यंत्राची पावती मिळायची, तिची अक्षरं वर्षानुवर्षं टिकत. आता उष्णतेने छापणारा गुळगुळीत कागद असतो. त्याच्यावर शाई नसतेच. कागदालाच असा लेप असतो की ऊब लागली तिथे तो काळा पडतो. छपाई स्वस्त, आवाज नाही. पण तो कागद उन्हाने, तेलाने, घामाने फिका पडतो, आणि प्लॅस्टिकने तर हमखास. आमच्याकडे शेतकरी कागदपत्रं जपतो ती कशात? सातबारा, आधार, बँकेचं पासबुक आणि वजनाची पावती, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून. सातबारा तसाच राहतो. पावती पुढच्या सुगीपर्यंत कोरी झालेली असते. म्हणजे गिरणीकडची नोंद पेन ड्राइव्हवर, तिची प्रत संगणकात, तिची आणखी एक मालकाच्या फोनमध्ये. आणि ज्याचं भात त्याच्याकडे एक पांढरा कागद.

पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या काटामारीविरुद्ध शेतकरी संघटना वर्षानुवर्षं लढत आल्या आहेत. भरारी पथकं नेमली जातात, काटे डिजिटल करा, आकडे शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवा अशा मागण्या होतात. तिथे ऊसउत्पादक संघटित आहे, त्याचा आवाज पुण्या-मुंबईपर्यंत पोचतो. आमच्या भातवाल्याकडे दीड-दोन एकर, कधी तेवढीही नाही. तो एकेकटा येतो, आणि त्याच्या मागे रांग लागलेली असते. त्याच्यासाठी संघटना नाही, म्हणून त्याच्यासाठी नोंद तरी पक्की हवी.

अर्थात, नोंद पक्की झाली म्हणून सगळं कळतं असं नाही. त्या चाळीस-बेचाळीस अक्षरांत शेतकऱ्याचं नाव नाही. भात कर्जत-३ आहे की रत्ना, ते नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओलावा नाही. सरकारी खरेदीत १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. शंभर किलो असं भात वाळून १३ टक्क्यांवर आलं की त्याचं साधारण साडेपंच्याण्णव किलो उरतं. बाकीचं पाणी होतं, हवेत गेलं. मग ‘घट’ म्हणून किती कापायचं यावर दरवर्षी वाद होतो, आणि घटीच्या नावाखाली कडता, म्हणजे वजनातली वजावट, कापला जातो तेव्हा खरं पाणी किती आणि खिशात घातलेलं भात किती हे कुणालाच सांगता येत नाही. भरडाईत क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ द्यायचा हा सरकारी दंडक आहे. कोंडा, तूस, कणी यांचाही हिशेब निघतो. गिरणीत आत गेलेल्या प्रत्येक किलोला बाहेर पडताना नाव आहे. फक्त काट्यावरून गोदामापर्यंत जाताना जे वजा होतं त्याला नाव नाही. ते ओलावा मोजून, तिथल्या तिथे, त्याच ओळीत लिहिलं गेलं पाहिजे.

मी मालकांना म्हटलं, संध्याकाळी फाइल उघडते तेव्हा ज्याच्या-त्याच्या ओळी वेगळ्या काढून साध्या कागदावर छापते आणि ज्याला हव्या त्याला देते. ते आधी तयार नव्हते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: कागद हातात आला की जो-तो भांडायला येईल, आणि हंगामात भांडायला वेळ कुणाकडे आहे. मला ते म्हणणं पटत नाही. माणूस भांडतो तो कागद नसतो तेव्हा. कागद असला की तो बेरीज करतो. माझा हट्ट त्यांनी शेवटी चालवून घेतला, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. कारण असा कागद द्यायला कुठलाही नियम त्यांना भाग पाडत नव्हता. माझ्या मते पाडायला हवा. ज्या काट्याची नोंद साठवली जाते, त्या नोंदीची प्रत विकणाऱ्याला तिथेच, टिकाऊ कागदावर किंवा त्याच्या फोनवर मिळाली पाहिजे, आणि ती काट्याच्या मोहरेचाच भाग मानली गेली पाहिजे.

मागच्या हंगामात डोंगराच्या पायथ्याच्या एका ठाकूरवाडीतली बाई आपल्या नववीतल्या मुलीला घेऊन आली. आदल्या दिवशी तिने भात घातलं होतं आणि कागद घेऊन गेली होती. मुलीने रात्री बेरीज केली होती. बेरीज बरोबर होती. पण तिने बोट ठेवलं ते दुसऱ्याच जागी.

“ताई, चारशे बावीसनंतर चारशे चोवीस कसं? मधलं पोतं कुठंय?”

मधलं पोतं नव्हतंच. हमालाने रिकामं बारदान ठेवून बटण दाबलं होतं, यंत्राने त्याचीही ओळ लिहिली होती, आणि निव्वळ वजन शून्य असलेल्या ओळी छापायच्या नाहीत अशी आमच्याकडची पद्धत होती. मी तिला संगणकापाशी बसवून मूळ फाइल दाखवली. ०.६०, ०.६०, ०.००. वेळ पाहिली, मागच्या आणि पुढच्या पोत्यामध्ये फक्त अकरा सेकंदांचं अंतर होतं. मुलीने स्वतःशीच मान हलवली. आईला तिने ठाकरी बोलीत दोन वाक्यांत समजावून सांगितलं, मला त्याला अर्धं पान लागलं असतं.

मग तिने विचारलं, “आणि ओलाव्याचं काय? दादा नळीत दाणे घालून बघत होता, तो आकडा यात नाही.”

आता शून्याच्या ओळीही छापल्या जातात. ओलाव्यासाठी कागदावर मी हाताने एक रकाना आखते. यंत्रवाल्याने दाणा तपासला की आकडा तिथे लिहायचा, त्याच्याखाली त्याची आणि शेतकऱ्याची सही किंवा अंगठा. काटा दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाला मी विचारलं आहे, ओलावा मोजणारं यंत्रच या डब्याला जोडता येईल का, म्हणजे सातवा आकडा त्याच ओळीत आपोआप पडेल. तारेने जोडता येतं, पण डब्यातली लिहिण्याची रीत बदलावी लागेल आणि त्यासाठी सील तोडून पुन्हा मोहर करून घ्यावी लागेल, असं तो म्हणाला. मालकांनी खर्च किती येईल ते विचारलं आहे. उन्हाळी भात यायच्या आत उत्तर यावं यासाठी मी त्याच्या मागे लागले आहे.